ओरायनचा स्वीकार: यूपीएसच्या चालकांचा रोजचा मार्ग संगणक ठरवू लागला, त्याचा प्रकरण अभ्यास

मालवाहतूक कंपन्या कृत्रिम बुद्धिमत्तेकडे वळत आहेत, असे आज सर्वत्र लिहिले-बोलले जाते. परंतु असा बदल प्रत्यक्षात घडायला किती वर्षे लागतात, खर्च नेमका कशावर होतो, बचत कोणत्या खात्यात जमा होते आणि गाडी चालवणाऱ्या माणसाच्या वाट्याला काय येते, या प्रश्नांची उत्तरे देता येतील इतकी सविस्तर माहिती फारच थोड्या उदाहरणांबाबत मिळते. अमेरिकेतील यूपीएस या पार्सल कंपनीने विकसित केलेली ‘ओरायन’ ही मार्गनियोजन प्रणाली हे असे एक उदाहरण आहे. २००३ मध्ये ज्या कामाचा पाया घातला गेला, ते २०१६ मध्ये, म्हणजे तेरा वर्षांनी, अमेरिकेतील सुमारे ५५ हजार मार्गांवर लागू झाले. संगणकशास्त्रातील एक अवघड कोडे सोडवल्याची कथा म्हणून हे प्रकरण बहुधा सांगितले जाते. माझ्या मते त्यातील अधिक मोलाचा भाग वेगळा आहे: चालकांच्या डोक्यात वर्षानुवर्षे साठलेले ज्ञान कंपनीने नोंदींत कसे आणले आणि त्या नोंदींवर चाललेल्या यंत्राचे म्हणणे त्याच चालकांनी कोणत्या अटींवर मान्य केले.

आरंभीच एक खुलासा करणे योग्य ठरेल. ओरायनचा मूळ गाभा आजच्या अर्थाने ‘शिकणारे’ यंत्र नव्हता. असंख्य पर्यायांतून वाजवी वेळेत पुरेसा चांगला पर्याय शोधणाऱ्या, ऑपरेशन्स रिसर्च या शाखेतल्या पद्धतींवर तो उभा होता. मशीन लर्निंगचा भाग नंतर जोडला गेला आणि कंपनी आता या सर्वाचा उल्लेख कृत्रिम बुद्धिमत्ता असाच करते. तंत्राचे नाव बदलले तरी ते कामावर उतरवताना येणाऱ्या अडचणी फारशा बदलत नाहीत, म्हणून हे प्रकरण आजही उपयोगी आहे.

ओरायनपूर्वीची व्यवस्था

१९०७ मध्ये सिएटल येथे स्थापन झालेली आणि आता अटलांटा परिसरातून चालणारी यूपीएस ही कामाच्या मोजमापाबाबत फार पूर्वीपासून काटेकोर कंपनी आहे. तिच्या तपकिरी गाड्यांचा चालक साधारणपणे एकाच भागात वर्षानुवर्षे काम करी आणि दिवसाचा क्रम स्वतःच ठरवी. कोणते दुकान किती वाजता उघडते, कोणत्या इमारतीत माल मागच्या दाराने द्यावा लागतो, कोणत्या शाळेसमोर दुपारी गाडी उभी करता येत नाही, हे सर्व त्याला तोंडपाठ असे. पहाटे गाडीत माल भरणारे कामगारही पत्त्यांची रचना पाठ करून पार्सले फळ्यांवर लावत. ही पद्धत चांगली चालत होती, मात्र तिचा आधार असलेली माणसे रजेवर गेली किंवा निवृत्त झाली की त्यांच्यासोबत ती माहितीही जात असे.

१९९० च्या दशकाच्या आरंभी चालकांच्या हाती ग्राहकाची सही घेणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण आले. खरा पाया मात्र २००३ पासून घातला गेला. त्या वर्षापासून कंपनीने अशी व्यवस्था बसवायला सुरुवात केली, की उद्या कोणत्या केंद्रावर कोणती पार्सले येणार आहेत हे आधीच कळावे, त्यावरून कोणत्या गाडीला किती काम द्यायचे ते ठरवता यावे आणि प्रत्येक पार्सलावर ते कोणत्या गाडीत, कोणत्या फळीवर ठेवायचे हे सांगणारी चिठ्ठी चिकटवता यावी. एवढ्या बदलानेच वर्षाला सुमारे साडेआठ कोटी मैलांची धाव वाचली, असे कंपनीने नमूद केले आहे. त्यानंतर २००८ च्या सुमारास गाड्यांमध्ये संवेदक आणि जीपीएस बसवले जाऊ लागले. त्यामुळे गाडी कुठे थांबली, किती वेळ इंजिन विनाकारण सुरू राहिले, किती वेळा मागे घेतली गेली, सीटबेल्ट लावला होता की नाही, या सर्वांची नोंद होऊ लागली. या दोन्ही टप्प्यांत कोणतेही चमकदार अल्गोरिदम नव्हते. तरीही पुढच्या टप्प्यात जे काही शक्य झाले, ते या कंटाळवाण्या नोंदींच्या आधारावरच झाले.

कागदावर छोटा, रस्त्यावर अशक्य

यूपीएसच्या एका चालकाला दिवसभरात सव्वाशेच्या आसपास थांबे घ्यावे लागतात. केवळ २५ थांबे घेतले तरी ते कोणत्या क्रमाने घ्यावेत याचे पर्याय १५ या आकड्यापुढे २४ शून्ये लिहावीत इतके होतात. १२० थांब्यांसाठी तो आकडा १९९ अंकी होतो. सगळे पर्याय तपासून पाहणे कोणत्याही संगणकाच्या आवाक्यात नाही. त्यामुळे चांगला मार्ग लवकर शोधणारी आणि त्यात टप्प्याटप्प्याने सुधारणा करणारी पद्धत वापरावी लागते. यूपीएसमधीलच जॅक लेव्हिस यांच्या नेतृत्वाखालील गटाने ही पद्धत रचली. छापली तर सुमारे हजार पाने भरतील इतका तिचा आज्ञासंच असल्याचे सांगितले जाते.

प्रयोगशाळेत मिळालेले मार्ग अंतराने कमी होते, परंतु सुरुवातीच्या चाचण्यांत ते चालकांसमोर ठेवल्यावर अव्यवहार्य ठरले. याची कारणे दोन होती आणि दोन्ही समजून घेण्यासारखी आहेत.

पहिले कारण नकाशांचे होते. बाजारात मिळणारे नकाशे प्रवाशांसाठी केलेले असतात. इमारतीचा पत्ता एका रस्त्यावर आणि माल उतरवण्याची जागा मागच्या गल्लीत, किंवा शेतावरील घराची पाटी मुख्य रस्त्यावर आणि घर मात्र खासगी वाटेने बरेच आत, असे असेल तर नकाशावरील बिंदू निरुपयोगी ठरतो. दिवसाला सव्वाशे थांबे घेणाऱ्या गाडीच्या बाबतीत अशा लहान चुका एकत्र येऊन संपूर्ण मार्ग बिघडवतात. कंपनीला स्वतःचे नकाशे सुधारून घ्यावे लागले, गाडी प्रत्यक्षात कुठे थांबते याच्या नोंदींवरून बिंदू सरकवावे लागले आणि खासगी वाटा, मागची दारे, वाहनतळाची प्रवेशद्वारे भरून घ्यावी लागली. हे काम कोणा बाहेरच्या पुरवठादाराकडून तयार विकत घेता येण्यासारखे नव्हते.

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. चालकाचे काम केवळ अंतर कमी करण्याचे नसते. दुसऱ्या दिवशी पोहोचण्याची हमी दिलेली पार्सले सकाळी साडेदहाच्या आत द्यावी लागतात, दुपारनंतर ठरलेल्या वेळी व्यापाऱ्यांकडून माल उचलावा लागतो, जेवणाची सुट्टी मध्येच कुठेतरी बसवावी लागते. याशिवाय ग्राहकांची एक न बोललेली अपेक्षा असते. रोज दहाच्या सुमारास येणारी गाडी रोज दहाच्या सुमारासच यावी, असे दुकानदाराला वाटते. केवळ अंतर पाहणारा संगणक रोज वेगळा क्रम देई आणि चालकाची तसेच ग्राहकाची घडी विस्कटे. अखेरीस ओरायनमध्ये ‘सातत्य’ ही अट जाणीवपूर्वक घालण्यात आली. काही अंतर जास्त पडले तरी चालेल, पण मार्ग दिवसागणिक ओळखीचा राहावा, असा तोल त्यात साधला गेला. मला हा या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय वाटतो. अंतराच्या दृष्टीने सर्वांत उत्तम उत्तर हाताशी असताना त्याहून थोडे कमी उत्तम उत्तर निवडणे, हे करणाऱ्यांना आपल्या गणितापेक्षा आपल्या चालकांची आणि ग्राहकांची अधिक जाण होती.

वळणांविषयीची प्रसिद्ध गोष्ट याच संदर्भात समजून घ्यावी. अमेरिकेत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे डावीकडे वळताना समोरून येणारी वाहतूक ओलांडावी लागते, इंजिन सुरू ठेवून थांबावे लागते आणि अपघाताची शक्यताही वाढते. म्हणून डावी वळणे शक्य तितकी टाळण्याचा नियम यूपीएसमध्ये ओरायनच्या फार पूर्वीपासून होता. आपल्याकडे हीच अडचण उजव्या वळणाला येते. संगणकाने हा नियम शोधून काढलेला नाही. चालकांच्या अनुभवातून आलेल्या नियमाला त्याने आकड्यांची जोड दिली आणि कुठे तो पाळणे लाभाचे व कुठे नाही, हे प्रत्येक वळणागणिक ठरवता येऊ लागले.

केंद्रागणिक विस्तार आणि चालकांचा आक्षेप

पेनसिल्व्हेनियातील गेटिसबर्गसारख्या निवडक केंद्रांवर २०१० आणि २०११ मध्ये चाचण्या झाल्यानंतर विस्ताराला सुरुवात झाली. २०१३ अखेरपर्यंत १० हजार मार्गांचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. त्यासाठी शेकडो जणांचे स्वतंत्र पथक नेमले गेले. हे पथक एकेका केंद्रावर जाई, तिथले नकाशे आणि ग्राहकांच्या वेळा तपासून दुरुस्त करी आणि पर्यवेक्षक व चालकांना प्रशिक्षण देई. चालकांना संगणकाहून चांगला क्रम लावून दाखवण्याचे आव्हानही दिले जाई. चालकाचा क्रम खरोखरच सरस ठरला, तर त्यामागे बहुधा नोंदीत नसलेली एखादी बाब असे आणि ती नोंदीत येई. विरोधाचे रूपांतर माहितीत करण्याची ही पद्धत विचारपूर्वक आखलेली होती.

तरीही सर्व चालक समाधानी झाले, असे म्हणता येणार नाही. ओरायन एखाद्या वस्तीत सकाळी दोन-तीन पार्सले द्यायला लावते, तिथून बाहेर काढते आणि दुपारी पुन्हा तिथेच आणते, ही त्यांची नेहमीची तक्रार होती. संपूर्ण दिवसाचा हिशेब केला तर हा क्रम लाभाचा असू शकतो, परंतु समोरच्या दारासाठीचे पार्सल गाडीत असताना ते न देता पुढे जाणे अनुभवी माणसाला पटत नाही. शिवाय गाडीतील फळ्यांवर माल ठरावीक भूभागाच्या क्रमाने रचलेला असे, आणि ओरायनचा क्रम त्याहून वेगळा पडला की चालकाला मागे जाऊन पार्सल शोधावे लागे. मैल कमी झाले तरी शोधाशोधीत मिनिटे वाढत. या आक्षेपात तथ्य होते. यंत्राने रस्त्याचा विचार केला होता, पण गाडीच्या आतील चार फळ्यांचा पुरेसा केला नव्हता.

ओरायनने दिलेला क्रम चालक किती टक्के पाळतो, हे व्यवस्थापक पाहू लागले, आणि इथे प्रश्न तंत्राचा न राहता कामगार संबंधांचा झाला. यूपीएसचे चालक टीमस्टर्स या बलाढ्य कामगार संघटनेचे सदस्य आहेत. केवळ जीपीएस किंवा तत्सम प्रणालीतून मिळालेल्या माहितीच्या आधारे कोणालाही कामावरून काढता येणार नाही, असे कलम, अप्रामाणिकपणाचा अपवाद ठेवून, संघटनेने कंपनीशी झालेल्या राष्ट्रीय करारात घालून घेतले. या कलमाकडे कंपनीच्या मार्गातील अडसर म्हणून पाहण्याची पद्धत आहे. मला ते स्वीकाराला पोषक वाटते. आपल्या प्रत्येक थांब्याची नोंद आपल्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरली जाणार, अशी धास्ती असलेला चालक त्या नोंदी बिघडवण्याचे मार्ग शोधतो. तशी धास्ती कमी असेल, तर तोच चालक नकाशातील चूक दाखवून देतो.

बचत कोठून आली

उपलब्ध आकडे असे आहेत. ओरायन तयार करून बसवण्याचा खर्च साडेएकोणतीस कोटी डॉलरहून अधिक झाला. पूर्ण विस्तारानंतर वर्षाला १० कोटी मैल, म्हणजे सुमारे १६ कोटी किलोमीटर धाव, १ कोटी गॅलन इंधन आणि १ लाख टन कार्बन डायऑक्साइड वाचतो आणि वार्षिक बचत ३० ते ४० कोटी डॉलर इतकी होते, असे कंपनीने जाहीर केले. २०१६ मध्ये या कामाला ऑपरेशन्स रिसर्चच्या क्षेत्रातील प्रतिष्ठेचे फ्रँझ एडलमन पारितोषिक मिळाले.

हे आकडे एकमेकांशी ताडून पाहिले तर एक महत्त्वाची गोष्ट हाती लागते. ५५ हजार चालक वर्षात सुमारे २५० दिवस गाडी चालवतात असे धरले, तर प्रत्येकाचा रोजचा १ मैल वाचला की वर्षाला १ कोटी ३७ लाख मैल होतात. रोजचे ६ ते ८ मैल वाचतात, या कंपनीच्या म्हणण्याशी १० कोटी मैलांचा आकडा जुळतो. आता इंधन पाहू. त्या काळात अमेरिकेत इंधनाचा दर गॅलनला ढोबळपणे २ ते ४ डॉलर होता. या दराने १ कोटी गॅलनची किंमत २ ते ४ कोटी डॉलर होते. ही रक्कम ३० ते ४० कोटींच्या बचतीचा जेमतेम दहावा भाग आहे. मग उरलेली बचत कुठून आली? गाड्यांची झीज आणि देखभाल यांचा त्यात वाटा आहेच, पण यूपीएसच्या चालकांना तासाप्रमाणे वेतन मिळते आणि जादा वेळेचा दर अधिक असतो, हे लक्षात घेतले तर सर्वांत मोठा वाटा चालकांच्या वेळेचा असला पाहिजे, असा निष्कर्ष काढावा लागतो.

हा निष्कर्ष महत्त्वाचा का आहे? ओरायनविषयी सार्वजनिकरीत्या बोलताना भर इंधनावर आणि पर्यावरणावर दिला गेला. ते लाभ खरे आहेत. मात्र कंपनीच्या हिशेबात मुख्य लाभ मनुष्यतासांचा होता. वाचलेला तास चालकाला लवकर घरी जाण्यासाठी मिळतो, की त्याच गाडीवर आणखी थांबे टाकण्यासाठी वापरला जातो, हे कोणतेही अल्गोरिदम ठरवत नाही. ते व्यवस्थापन आणि संघटना यांच्यातील वाटाघाटीत ठरते. वाहतूक क्षेत्रातील प्रत्येक अशा प्रकल्पाचा अहवाल वाचताना बचतीचे हे पृथक्करण मागितले पाहिजे, कारण ज्या खात्यातून बचत येते त्या खात्याशी ज्यांची रोजीरोटी जोडलेली आहे, त्यांचे सहकार्य गृहीत धरता येत नाही.

त्यानंतरचे टप्पे

मूळ ओरायन केवळ थांब्यांचा क्रम देत असे. एका थांब्यावरून दुसऱ्या थांब्यावर कसे जायचे, हे चालकावर सोपवलेले होते. २०१८ च्या अखेरीस वळणागणिक दिशा सांगणारी, माल उतरवण्याच्या नेमक्या जागा दाखवणारी जोड त्याला देण्यात आली. त्यानंतर दिवसाच्या मध्यात परिस्थिती बदलली की मार्ग पुन्हा आखणारी आवृत्ती आली. तिच्यामुळे प्रत्येक चालकामागे आणखी २ ते ४ मैल वाचतात, असे कंपनी सांगते. नव्या चालकांना आणि सणासुदीच्या हंगामी कामगारांना याचा उपयोग जास्त होतो, हे उघड आहे.

चुकीच्या गाडीत पार्सल भरले जाण्याच्या प्रश्नाकडेही लक्ष गेले. मार्ग कितीही चांगला असला तरी पार्सलच दुसऱ्या गाडीत असेल, तर वाचलेले सगळे मैल एका फेरीत वाया जातात. पार्सलांवर रेडिओ लहरींनी वाचता येणारे लेबल लावून ही चूक ४०० पार्सलांमागे एक इथून हजारामागे एक इथपर्यंत आणण्याचा प्रयत्न झाला. यामुळे कामगारांना हाताने करावी लागणारी रोजची कोट्यवधी स्कॅनही कमी झाली. बातम्यांत या कामाला फारशी जागा मिळत नाही, पण मला ते मार्गनियोजनाइतकेच महत्त्वाचे वाटते.

२०२३ च्या उन्हाळ्यात सुमारे ३ लाख ४० हजार कामगारांसाठी नवा करार झाला. चालकाकडे रोखलेला कॅमेरा गाडीत बसवायचा नाही, हे त्यात मान्य झाले आणि २०२४ पासून घेतल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांत वातानुकूलन देण्याचेही ठरले. त्यानंतर जानेवारी २०२४ मध्ये कंपनीने १२ हजार पदे कमी करण्याचा निर्णय जाहीर केला. त्यामागे घटलेल्या पार्सलसंख्येचे मोठे कारण होते, परंतु कमी होणारी पदे प्रामुख्याने व्यवस्थापन आणि कार्यालयीन स्वरूपाची होती आणि नव्या तंत्रज्ञानामुळे ही कामे कमी माणसांत होऊ शकतात, असे कंपनीच्या प्रमुखांनी सांगितले. चालकांच्या मागे करार आणि संघटना होती, तसे संरक्षण कार्यालयातील बहुतेकांना नव्हते.

भारतीय वाहतूकदारासाठी यातून काय उरते

ही व्यवस्था जशीच्या तशी आपल्याकडे लागू होणार नाही, आणि त्याची कारणे याच प्रकरणातून स्पष्ट होतात. पहिली अडचण पत्त्याची आहे. अमेरिकेतील क्रमांकित घरांचे पत्तेही अपुरे ठरले, तर ‘मारुती मंदिराच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ’ अशा पत्त्यांवर चालणाऱ्या बटवड्यात बिंदू निश्चित करण्याचे काम कितीतरी मोठे आहे. भारतीय टपाल खात्याने २०२५ मध्ये आणलेला डिजिपिन, ज्यात साधारण चार मीटर बाय चार मीटर जागेला दहा अक्षरी संकेत मिळतो, या दिशेने उपयोगी आहे. पण तो संकेत रोजच्या व्यवहारात रुळेपर्यंत खरा नकाशा बटवडा करणाऱ्या मुलांच्या डोक्यातच राहणार आहे, आणि ही मुले वारंवार नोकऱ्या बदलतात.

दुसरा फरक हिशेबाचा आहे. लांब पल्ल्याच्या ट्रकवरील चालकाला आपल्याकडे सामान्यतः महिन्याचा पगार आणि फेरीगणिक भत्ता मिळतो. तासाचा दर नसल्यामुळे गोदामाच्या दारात त्याची गाडी रात्रभर खोळंबली तरी त्या वेळेची किंमत त्याच्या पगाराच्या हिशेबात दिसत नाही. डिझेल मात्र मालकाला रोज दिसते. त्यामुळे यूपीएसची बचत मुख्यतः वेळेतून आली असली, तरी भिवंडी किंवा कळंबोलीच्या वाहतूकदाराला पहिली बचत डिझेल आणि परतीची रिकामी फेरी यांतच शोधावी लागेल. त्यासाठी लागणाऱ्या नोंदींचा काही भाग आता आपोआप तयार होतो: २०१८ पासूनच्या ई-वे बिलातून माल कुठून कुठे जातो ते कळते आणि २०२१ पासून सक्तीच्या झालेल्या फास्टॅगमुळे गाडी कोणत्या नाक्यावरून कधी गेली ते समजते. गाडी भरण्यासाठी आणि उतरवण्यासाठी किती तास उभी राहिली, याची नोंद मात्र बहुतेक मालक आजही ठेवत नाहीत. ट्रक मोठ्या संख्येने दोन-चार गाड्या असलेल्या मालकांचे आहेत, आणि त्यांच्यापैकी एकट्याला अशी प्रणाली परवडणारी नाही. संघटना, सहकारी संस्था किंवा माल पाठवणारे कारखाने यांच्यापैकी कोणीतरी खोळंब्याच्या तासांची नोंद एकत्रितपणे सुरू केली, तर यूपीएसने २००३ मध्ये जिथून सुरुवात केली त्या टप्प्यावर आपले वाहतूकदार येतील.